रंग बदलला म्हणजे प्रयोग संपला नाही, क्षार मुलांच्या हातात येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, हे वाक्य शाळेत विज्ञान शिकलेल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण तो क्षार स्वतः तयार करून डोळ्यांनी बघितलाय का असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मी विज्ञान शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून बघतेय, उदासिनीकरणाचं, म्हणजे याच अभिक्रियेचं, प्रॅक्टिकल म्हणजे फ्लास्कमधला गुलाबी रंग आला किंवा गेला, रीडिंग वहीत लिहिलं, खाली समीकरण लिहिलं, सही घेतली, झालं. मग फ्लास्क सिंकमध्ये रिकामा करायचा आणि पुढच्या बॅचला टेबल मोकळं करून द्यायचं. ज्या क्षारासाठी एवढा खटाटोप केला तोच आपण बेसिनमध्ये ओतून देतो. याबद्दल कुणीतरी बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी फ्लास्कमध्ये नक्की काय होतं ते बघू, कारण माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. सोडिअम हायड्रॉक्साइड ही आम्लारी पाण्यात विरघळली की तिचे सोडिअम आयन (विजेचा भार असलेले कण) आणि हायड्रॉक्साइड आयन सुटे सुटे फिरायला लागतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचंही तेच, हायड्रोजन आयन वेगळे, क्लोराइड आयन वेगळे. दोन्ही द्रावणं मिसळली की हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड एकमेकांना भिडतात आणि पाणी होतं. आणि सोडिअम आणि क्लोराइड? ते आधीही सुटे होते आणि नंतरही सुटेच राहतात, त्यांचं काहीही झालेलं नसतं. म्हणजे रंग बदलतो त्या क्षणी फ्लास्कमध्ये नवीन बनलेली गोष्ट पाणी आहे. क्षाराचा घन कण अजून एकही नाही. तो केव्हा येतो, तर पाणी उडवून लावल्यावर, जेव्हा सोडिअम आणि क्लोराइडला एकमेकांशेजारी रचून बसण्यावाचून पर्याय राहत नाही तेव्हा. मग रंगापाशी थांबून आपण मुलांना "क्षार तयार झाला" असं कुठल्या तोंडाने सांगतो? त्यांना तो दिसलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो त्या रूपात अजून तिथे नाहीच.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना सुद्धा एका दिवसात कळलेली नाही. 1840 च्या आसपास हेस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की तीव्र आम्ल कुठलंही घ्या, तीव्र आम्लारी कुठलीही घ्या, उदासिनीकरणात बाहेर पडणारी उष्णता जवळपास तेवढीच येते. आजच्या भाषेत सांगायचं तर एक मोल (मोल म्हणजे कणांचा एक ठरावीक मोठा आकडा) पाणी तयार होताना साधारण 57 किलोज्यूल. आता क्षार दर वेळी वेगळा आणि उष्णता मात्र तीच, असं का व्हावं? याचं नीट उत्तर मिळायला बराच काळ गेला, अऱ्हेनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1887 मध्ये आयनांची कल्पना व्यवस्थित मांडली तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं, की बाकीचे आयन नुसते बघे आहेत आणि खरी अभिक्रिया दर वेळी एकच आहे, हायड्रोजन अधिक हायड्रॉक्साइड बरोबर पाणी. (त्याच कामासाठी त्याला 1903 साली नोबेल मिळालं.) वर्गात हे सांगायला फार काही लागत नाही. एक थर्मामीटर आणि उष्णता बाहेर जाऊ न देणारा फोमचा कप. लिटरला 1 मोल असलेली दोन्ही द्रावणं 25-25 मिली घेऊन कपात मिसळली तर तापमान साडेसहा सात अंशांनी चढतं, हे शिक्षकांनी स्वतः करून दाखवावं कारण ही द्रावणं मुलांच्या हातात द्यायला थोडी कडक आहेत. हायड्रोक्लोरिकच्या जागी नायट्रिक आम्ल घ्या, पारा जवळपास तेवढाच चढतो. मुलं लगेच विचारतात, असं कसं? आणि तो प्रश्न त्यांच्याकडून आला की पुढचं शिकवणं सोपं होतं.

आता ब्युरेटकडे, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली नळ असलेल्या काचेच्या नळीकडे येते. मला विचाराल तर आख्ख्या शालेय रसायनशास्त्रात इतकी सुंदर गोष्ट दुसरी नाही, आणि आपण ती घाईत उरकतो. समजा दोन्ही द्रावणं लिटरला 0.1 मोल आहेत आणि फ्लास्कमध्ये 25 मिली सोडिअम हायड्रॉक्साइड आहे. ब्युरेटमधून आम्ल सोडत गेलो तर सुरुवातीला पीएच (7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी) हलायलाच तयार नसतो, 13 वरून निघालेला तो निम्मं आम्ल ओतून झालं तरी साडेबाराच्या आसपासच घुटमळत असतो. आणि शेवटी शेवटी काय होतं बघा, एकच थेंब, म्हणजे 0.05 मिली, बाकी आहे तेव्हा पीएच 10 आहे. तो थेंब पडला की 7. अजून एक पडला की 4. दोन थेंबांत हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहा लाख पट वाढलं! त्यामुळेच फिनॉल्फ्थॅलीनचा, म्हणजे रंग बदलून खूण देणाऱ्या आपल्या दर्शकाचा, रंग तसा 8 ते 10 च्या दरम्यान बदलत असला, बरोबर 7 ला नाही, तरी आपलं काही बिघडत नाही, कारण ती सगळी उडी एका थेंबातच पार होते. हे मुलांना आधी सांगितलं तर ती नळ अगदी जपून फिरवतात, श्वास रोखून थेंब मोजतात. नाही सांगितलं तर सगळा नळ सोडून देतात, रंग कधीच गेलेला असतो आणि मग शेजारच्या वहीत डोकावून 25.0 लिहून टाकतात. हे आपल्या सगळ्यांना माहितीये, उगाच माहीत नसल्यासारखं करण्यात अर्थ नाही. उत्तर आधीच ठाऊक असलं की रीडिंग बनवलं जातं, आणि त्यात मुलांचा दोष कमी आणि आपण प्रयोग जिथे तोडतो त्या जागेचा दोष जास्त असं माझं मत आहे.

म्हणूनच पुढचा भाग हवा. दर्शक टाकून एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलतो तो क्षण, सापडला, किती मिली आम्ल लागलं ते कळलं, आता तेवढंच आम्ल आणि तेवढीच आम्लारी परत मोजून घ्यायची पण यावेळी दर्शक न टाकता. इथे दर वर्षी कुणीतरी विचारतंच, की एकदा केलं ना, परत कशाला? कारण पहिल्या फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलीन आहे आणि ते आपल्या क्षारात भेसळ म्हणून राहणार. (दुसरा मार्ग म्हणजे त्याच द्रावणात सक्रिय कोळशाची पूड टाकून, ढवळून, गाळून घ्यायचं, कोळसा दर्शक धरून ठेवतो. चालतं, पण मला पहिला मार्ग जास्त आवडतो.) आणि या दुसऱ्या खेपेला मुलाकडे रंगाचा आधार नसतो, स्वतःच्या आकड्यावर विश्वास ठेवून मोजावं लागतं. रीडिंग बनवलेलं असेल तर आता ते उघडं पडणार, कोणी ओरडायची गरज नाही, तयार झालेला क्षारच सांगेल.

आम्ल ब्युरेटमध्ये आणि आम्लारी फ्लास्कमध्ये घ्यायची यालाही कारणं आहेत. एक तर सोडिअम हायड्रॉक्साइड काचेच्या नळात राहिलं की नळ चिकटून बसतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, चुकून एखादा थेंब आम्ल जास्त पडलं तर तापवताना हायड्रोक्लोरिक आम्ल वाफेबरोबर निघून जातं, पण आम्लारी जास्त झाली तर ती कुठे जात नाही, क्षारातच बसून राहते. आणि सल्फ्युरिक आम्लाला हे दुसरं कारण लागू नाही, ते असं उडून जात नाही, त्यामुळे ज्यांना सोडिअम सल्फेट करून बघायचंय त्यांना जास्तच काटेकोर राहावं लागेल.

आता बाष्पीभवन. चिनीमातीच्या डिशमध्ये द्रावण घेऊन मंद आचेवर ठेवायचं, डिश थेट ज्योतीवर नको, खाली उकळत्या पाण्याचा बीकर असेल तर उत्तम. सगळं पाणी उडेपर्यंत तापवत बसायचं नाही. कोरडं व्हायला आलं की गरम क्षार टणाटण उडतो, डोळ्याला धोका आणि क्षारही वाया. थोडं पाणी शिल्लक असताना काचेची कांडी बुडवून बाहेर काढायची, गार होऊ द्यायची, तिच्यावर बारीक कण दिसायला लागले की बर्नर बंद. मग डिश गाळण कागदाने झाकून शांत जागी ठेवून द्यायची आणि पुढचे काही दिवस तिला हात लावायचा नाही.

सोडिअम क्लोराइडची, म्हणजे आपल्या मिठाची, एक खोड इथे सांगायला हवी. बऱ्याच क्षारांचं गरम दाट द्रावण नुसतं गार केलं तरी स्फटिक पडतात, याचं तसं होत नाही, कारण हे गरम पाण्यात आणि गार पाण्यात जवळपास सारखंच विरघळतं, 100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात फार तर 39. त्यामुळे इथे घाई चालतच नाही, पाणी हळूहळू उडायलाच लागतं. घाई केली तर पांढरी पापडी मिळते. वाट बघितली तर चौकोनी स्फटिक मिळतात, आणि भिंगाखाली बघितलं तर काहींच्या वरच्या बाजूला पायऱ्या पायऱ्यांचा खोलगट खड्डा असतो, प्रत्येक पायरी चौरस, कडा सरळ. कारण कडा मधल्या भागापेक्षा भराभर वाढतात. ज्या मुलाने हे एकदा स्वतःच्या डिशमध्ये बघितलं त्याला आयन रांगेत कसे रचलेले असतात हे सांगायला वेगळा तास लागत नाही, तो स्वतःच म्हणतो की आत पण असेच चौकोन असणार. मी हे प्रत्यक्ष बघितलंय, आणि अभ्यासात मागे समजली जाणारी मुलं यात पुढे असतात हेही बघितलंय.

किती क्षार मिळणार हेही आधी काढायला लावावं. मी लिटरला 0.4 मोलची द्रावणं सुचवेन. 0.1 ची घेतली तर क्षार 0.15 ग्रॅमपेक्षाही कमी मिळतो, डिशच्या तळाला नुसता पांढरा डाग, मुलं हिरमुसतात. फार कडक घेतली तर सोडिअम हायड्रॉक्साइड कातडीला आणि डोळ्यांना जास्तच धोक्याचं. 0.4 मध्ये 25 मिलीत बरोबर 0.01 मोल येतात, म्हणजे सोडिअम क्लोराइडच्या एका मोलच्या 58.5 ग्रॅम वजनाचा शंभरावा भाग, 0.585 ग्रॅम. रिकामी डिश आधी वजन करून ठेवायची, शेवटी परत करायची. कुणाचं 0.53 येईल, कुणाचं 0.64, आणि मग कारण शोधायचं. जास्त आलं तर पाणी राहिलंय का, कमी आलं तर डिशमधून उडालं का, फ्लास्कमध्ये थोडं मागे राहिलं का. ही चर्चा म्हणजेच विज्ञान आहे हो, वहीतल्या आखीव "निष्कर्ष" पेक्षा कितीतरी मोलाची.

मिळालेली वस्तू खरंच तीच आहे का हेही तपासू द्या. आणि इथे एक गंमत आहे जी मी मुद्दाम मुलांसमोर ठेवते. कण पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की पांढरा दह्यासारखा साका येतो, बरोबर, पण तो साका नुसत्या हायड्रोक्लोरिक आम्लातही येतो. ज्योतीत धरला की पिवळाधमक रंग, पण तो सोडिअम हायड्रॉक्साइडचाही येतो. मग सिद्ध काय झालं? दोन्ही चाचण्या एकत्र, वर लिटमसचा रंग न बदलणं, वर तो चौकोनी आकार, आणि उघड्यावर ठेवल्यावर सोडिअम हायड्रॉक्साइडच्या दाण्यांसारखं लगेच ओलंचिंब न होणं, हे सगळं मिळून सिद्ध होतं. एका खुणेवरून निकाल द्यायचा नाही हे मुलं इथे शिकतात. चव घेऊन बघायचं मात्र अजिबात नाही, कोणी कितीही म्हणालं की शेवटी मीठच ना, लॅबमधल्या भांड्यात बनलेली कुठलीही गोष्ट तोंडात जाता कामा नये.

याच निमित्ताने दोन समज निघून जातील तर बरं. पहिला, की आम्ल आणि आम्लारी समान मापाने घेतले की काम झालं. तसं नसतं, द्रावण किती कडक आहे आणि आम्ल कुठलं आहे यावर सगळं अवलंबून, सल्फ्युरिक आम्लाच्या एका मोलला सोडिअम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात आणि निम्म्यावर थांबलात तर सोडिअम बायसल्फेट मिळतं जे क्षार असूनही चांगलंच आम्लधर्मी आहे. दुसरा, की क्षार म्हटला की तो उदासीनच. अमोनिअम क्लोराइडचं द्रावण आम्लधर्मी असतं, सोडिअम अॅसिटेटचं आम्लारिधर्मी, लिटमस लावून बघा.

आता नेहमीच्या हरकती. धोका आहे म्हणून मुलांना करू देत नाही, व्हिडिओ दाखवतो, असं अनेक जण सांगतात. धोका आहेच, मी नाही म्हणत नाही. आणि लोकांना आम्लाची भीती वाटते पण डोळ्याच्या बाबतीत सोडिअम हायड्रॉक्साइड जास्त वाईट, ते आत आत शिरत जातं, म्हणून गॉगल पहिल्या मिनिटापासून ते बर्नर बंद करून डिश गार होईपर्यंत डोळ्यांवर हवाच. पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) तोंडाने ओढायची पद्धत अजून कुठे चालू असेल तर ती आजच बंद करा, रबरी फुगा किंवा पिपेट फिलर वापरा. ब्युरेट भरताना ती खाली घेऊन भरायची, डोळ्यांच्या वर धरून नाही. फिनॉल्फ्थॅलीन अल्कोहोलमध्ये असतं, ती बाटली बर्नरपासून लांब. अंगावर सांडलं तर नुसतं भरपूर वाहतं पाणी, डोळ्यात गेलं तर किमान 20 मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टर. आणि हे मोठ्याने सांगायला हवं, कातडीवर आम्ल पडलं म्हणून वर आम्लारी ओतायची नाही, उदासिनीकरणात उष्णता निघते हे आपणच शिकवलंय ना, मग भाजलेल्या जागेवर अजून भाजेल. एवढं पाळलं तर प्रयोग सुरक्षित होतो. व्हिडिओत हे शिकता येत नाही, गॉगल का घालायचा हे गॉगल घालून काम केल्यावरच अंगात मुरतं.

वेळेची हरकत मात्र खरी आहे. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटने थेंब मोजून आम्ल सोडणं, एका तासात बसतं, तापवणं दुसऱ्या, आणि स्फटिकांना दिवस लागतात. पण स्फटिकांचे दिवस मुलांचे नाहीत, डिश आपली आपण पडून असते, पुढच्या वेळी पाच मिनिटांत बघून वजन करून होतं. बर्नर कमी असतील तर अर्ध्या मुलांनी न तापवता सपाट काचेच्या बशीत द्रावण पसरून ठेवायचं, आठवड्यात पाणी आपोआप उडतं आणि स्फटिक उलट जास्त मोठे येतात.

ज्यांच्याकडे ब्युरेटच नाहीत त्यांनी कॉपर ऑक्साइड आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल घ्यावं. काळी पूड कोमट आम्लात टाकत राहायची, विरघळेनाशी होईपर्यंत, उरलेली गाळून टाकायची, खाली निळं द्रावण. इथे आम्लारी विरघळत नाही म्हणून जास्त झाली तरी गाळून काढता येते, मोजत बसावं लागत नाही, आणि हा फरक कळला की पहिल्या प्रयोगात ब्युरेट का लागली तेही आपोआप कळतं. कॉपर सल्फेट गरम पाण्यात बरंच जास्त विरघळतं, त्यामुळे गार केल्यावर तिरकस निळे स्फटिक छान पडतात. फक्त याचं उरलेलं द्रावण सिंकमध्ये सोडायचं नाही, तांब्याचे क्षार पाण्यातल्या जीवांना मारक असतात, वेगळ्या बाटलीत साठवून पुढच्या वर्षी परत वापरावं. सोडिअम क्लोराइडचं उदासीन पाणी बिनधास्त ओता.

माझी मागणी एवढीच आहे की प्रॅक्टिकलचे मार्क देताना रीडिंगइतकेच मार्क डिशमधल्या क्षाराला द्या, तो मुलाने स्वतः आणून टेबलावर ठेवायचा, वजन आणि लिटमस सकट. आणि ज्या शिक्षकांनी मोठ्या वर्गात हे बसवून दाखवलंय त्यांनी डिशेस कुठे ठेवल्या, कुणाची कुठली हे कसं लक्षात ठेवलं, वजनकाटा एकच असताना रांग कशी आवरली, ते कृपया याच सदरात लिहून कळवावं. मला आणि माझ्यासारख्या अनेकांना त्याची गरज आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका